फी हॉस्पिटल भरतंय, मग पॅरामेडिक व्हायचं का?

'ताई, हॉस्पिटल स्वतःच्या खर्चानं पॅरामेडिकचा कोर्स करून देतंय, पण बॉन्ड लिहून मागतंय. करू का?' वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, अटेंडंट मुली, सगळे मला हे विचारतात. मी स्वतः मिरजेकडच्या एका खासगी हॉस्पिटलात अटेंडंट होते आणि हॉस्पिटलच्याच पैशावर शिकले. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

माझं उत्तर बहुतेक वेळा 'करा' असंच असतं. आपल्या घरांतून फीची रक्कम एकदम निघत नाही, आणि पगार चालू ठेवून शिकायला कोण देतं? पण बॉन्ड, म्हणजे इतकी वर्षं इथंच नोकरी करीन, नाहीतर पैसे भरीन हा करार, दोन वर्षांचा की तीन, यावर डोकं शिणवण्याआधी एक विचारून घ्या: त्या वर्षांत मला कामाला कुठं लावणार?

कारण ही विद्या हातात राहते. उलट्या-जुलाबानं कोरडी पडलेली आजी गाडीत असते, शिरा पार बसलेल्या. सलाइन लावायला तिचा हात खाली सोडायचा, पट्टा बांधायचा, बोटानं शीर चाचपत राहायचं, जाड हिरवी सुई बाजूला ठेवून बारीक निळी घ्यायची. ड्रायव्हर स्पीडब्रेकरच्या आधी 'ताई, थांबा' म्हणतो, तेवढ्यापुरता हात आवरायचा. हे वर्गात कुणी शिकवू शकत नाही. रोज केलं तर येतं, नाही केलं तर जातं.

माझ्याबरोबर शिकलेल्या एकाला कोर्स झाल्यावर बिलिंग काउंटरला बसवलं, तिथं माणूस कमी होता म्हणून. बॉन्ड संपेपर्यंत तो तिथंच होता. नंतर दुसरीकडं मुलाखतीला गेला तर डमीवर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची ती क्रिया, करून दाखवायला सांगितलं. मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती किमान 5 सेंटिमीटर आत जायला हवी आणि दर वेळी पूर्ण वर यायला हवी, हे त्याला तोंडपाठ होतं. पण थोड्याच वेळात हात थकले, दाब उथळ पडायला लागले. मुलगा हुशार होता, मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून सांगते, कॅज्युअल्टी किंवा ॲम्ब्युलन्सवरच पोस्टिंग देऊ, हे पत्रात लिहून घ्या. तोंडी शब्द देणारा एचआरचा माणूस उद्या बदलून जातो.

आपल्या राज्यात हे जास्तच महत्त्वाचं आहे. इथं 2014 मध्ये 108 ही सरकारी ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीवर डॉक्टर ठेवायची पद्धत आहे. गोव्यात, गुजरातेत 108 च्या गाडीवर ईएमटी, म्हणजे तातडीच्या उपचाराचा प्रशिक्षित टेक्निशियन, असतो आणि डॉक्टर फोनवरून सल्ला देतात. त्यामुळं आपल्याकडं पॅरामेडिकला काम मिळतं ते मुख्यतः खासगी हॉस्पिटलच्या गाड्यांवर, कॅज्युअल्टीत आणि मोठ्या कारखान्यांत. ही सगळी मंडळी आधी अनुभव विचारतात.

कोर्स कोणता, तेही नीट बघा. 2021 मध्ये केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत पॅरामेडिक नावानिशी आहे, आणि संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यतेसाठी किमान दोन वर्षांचा, 2000 तासांचा डिप्लोमा किंवा पदवी लागते. हॉस्पिटल जर सहा महिन्यांचं स्वतःच्या लेटरहेडवरचं सर्टिफिकेट देणार असेल आणि त्यापायी तीन वर्षं बांधणार असेल, तर मी स्वच्छ 'नको' म्हणते. ते त्यांच्या कामाचं प्रशिक्षण आहे, त्याची किंमत तुम्ही का मोजायची?

आता बॉन्ड. 'कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या खटल्यात 'तीन वर्षं नोकरी, नाहीतर 2 लाख रुपये' ही अट वैध धरली. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कुठल्याच हॉस्पिटलात काम करायचं नाही, अशी अट मात्र 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढं सहसा टिकत नाही. दोन्हींत गल्लत करू नका. भरपाईची रक्कम प्रत्यक्ष फीच्या आसपास असावी आणि जितके महिने काम केलं तितकी कमी होत जावी, एवढं मागायला लाजू नका. माझ्या इन्चार्ज सिस्टरनं हे माझ्यासाठी भांडून घेतलं होतं, तिचे उपकार मी विसरणार नाही. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. झेरॉक्स साक्षांकित करून द्या, बस.

ड्यूटीचंही बोलून घ्या. नाईट करून सकाळी प्रॅक्टिकलला उभं राहणं फार जड जातं. परीक्षेच्या महिन्यात नाईट नको, हे आधीच ठरलेलं बरं.

मुली विचारतात तेव्हा आणखी एक सांगते. 'बाईमाणसाला रात्री गाडीवर पाठवत नाही' असं म्हणून तुम्हाला काळजीच्या नावाखाली वॉर्डातच ठेवतील. तेव्हा रात्री कपडे बदलायला खोली कुठं, घरी कोण सोडणार, हे तुम्हीच विचारा आणि सोय करून मागा. रात्री अडलेल्या बाईला शहरात आणताना गाडीत दुसरी बाई असली की ती हात धरते, मोकळेपणानं सांगते, कुठं दुखतंय, पाणी कधी गेलं. तिथं तुम्ही हव्यात.