सर्व्हे नंबरापासून सुरुवात: बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातली आमची वाटचाल

आमची फर्म जागा विकत नाही. प्लॉट, शेतजमीन किंवा फ्लॅट घेण्याआधी त्या जागेची आणि तिच्या आसपासची माहिती जमवून, तपासून गिऱ्हाइकाच्या हातात देणे एवढेच आमचे काम. बेळगाव शहर आणि तालुका, खानापूर, निपाणी-चिकोडी हा आमचा टापू. दलालीचा धंदा चालू असलेल्या गावात वेगळे टेबल मांडून हे काम उभे राहिले ते एका सवयीमुळे. आम्ही जागेची नोंद भागाच्या नावाने ठेवत नाही, सर्व्हे नंबराने ठेवतो.

बाजारात ‘अनगोळचा दर’, ‘हिंडलग्याचा दर’ असे बोलले जाते. प्रत्यक्षात एकाच गावात, एकाच बांधाला लागून तीन नंबर असतात. पहिल्यात बुडाने, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाने, मंजूर केलेला एनए (बिगरशेती) ले-आऊट असतो, दुसऱ्यात पंचायतीच्या ११ब वर (रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतीच्या उताऱ्यावर) उभी घरे, तर तिसरा नंबर आराखड्यात हिरव्या, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात. तिघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो त्या दराने तिथे कुठलीच जागा मिळत नाही. म्हणून आमच्या वहीचे पहिले पान सर्व्हे नंबर आणि हिस्सा. बाकी सगळे त्याखाली.

दराचे तीन आकडे वेगवेगळे लिहायचे. सांगितलेला दर, सरकारचा गाईडलाईन दर (मुद्रांकासाठी धरायचा किमान दर) आणि खरेदीखतात नोंदलेला दर. गाईडलाईन दर राज्यभर १ ऑक्टोबर २०२३ पासून वाढले, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे खरेदीखत एका ओळीत ठेवून ‘भाव चढला’ म्हणता येत नाही. त्यातली बरीच चढण कागदावरची असते. नोंदलेला दर मिळवायला नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी, म्हणजे बोजा प्रमाणपत्र, काढायची. नमुना १५ मध्ये त्या नंबरावरचे नोंदणीकृत व्यवहार, रक्कम, क्षेत्र आणि दोन्ही पक्षांची नावे येतात. व्यवहारच नसेल तर नमुना १६ मिळतो. एका जागेसाठी आम्ही तिच्या आजूबाजूच्या आठ-दहा नंबरांची ईसी काढतो, घरातल्या घरात झालेली बक्षीसपत्रे आणि वाटण्या बाजूला काढतो आणि उरलेले व्यवहार दराच्या क्रमाने लावून गुंठ्याचा मधोमध येणारा दर घेतो. सरासरी घेत नाही. कोपऱ्यावरचा एखादा महाग सौदा सरासरी बिघडवतो, मधल्या दराला त्याचा धक्का लागत नाही.

नोंदलेली रक्कम पुष्कळदा खऱ्या रकमेपेक्षा कमी असते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही ईसी उपयोगी पडते ती व्यवहारांच्या संख्येसाठी. एखाद्या पट्ट्यात भाव मोठा सांगतात पण दोन वर्षांत खरेदीखतेच झालेली नाहीत, तर तिथे घेतलेली जागा पुन्हा विकायला किती थांबावे लागेल ते त्यातून कळते. गुंतवणुकीच्या दृष्टीने आम्ही हा आकडा दरापेक्षा वर ठेवतो.

ईसीत न येणाऱ्या गोष्टींची यादी आम्ही प्रत्येक फाईलवर छापतो, कारण ‘ईसी स्वच्छ आहे’ हे वाक्य ऐकून लोक निश्चिंत होतात. बॉंड पेपरवरची नोंदणी नसलेली साठेखते, मृत्युपत्रे, वारसांचे हक्क आणि कोर्टात चालू असलेले बहुतेक दावे तिथे दिसत नाहीत. दाव्यांसाठी ई-कोर्ट्सवर पक्षाच्या नावाने शोध घ्यावा लागतो, आणि तोही स्पेलिंग बदलून बदलून. मराठी आडनाव कन्नड लिपीतून इंग्रजीत जाते तेव्हा एकाच पाटलाची तीन रूपे होतात. वाटणीच्या जमिनीत बहिणींच्या सह्या आहेत का, हे तर पहिल्याच दिवशी बघायचे. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा १९९४ मध्येच दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला. फक्त भावांच्या सह्यांवर झालेले खरेदीखत त्यामुळे वर्षानुवर्षे टांगणीला लागते.

उताऱ्यावर, म्हणजे आरटीसीवर, आधी रकाना ९ पाहायचा. तिथे मालक आणि क्षेत्र. रकाना ११ मध्ये बोजा व इतर हक्क, १२ मध्ये कसणारा आणि पीक. सोसायटीचे जुने कर्ज फिटलेले असते, पण रकाना ११ मधून कमी करून घेतलेले नसते. बँक त्यावरच अडते. खराब क्षेत्राचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग असतात. ‘ब’ खराब म्हणजे नाला, रस्ता, सार्वजनिक वापराची जमीन. ती वजा न करता एकरी भाव ठरवला तर घेणारा सरकारी नाल्याचेही पैसे मोजतो. नंबरातला काही भागच घ्यायचा असेल तर ११ई नकाशा (त्या भागाचा सरकारी मोजणी नकाशा) झाल्याशिवाय नोंदणी होत नाही. जमीन अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री चालत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीसाठी दावा करायला मुदतीचे बंधनही उरलेले नाही. अशा नंबरावर आम्ही पुढचे काम थांबवतो.

नकाशासाठी दिशांक ॲप चांगले आहे. जागेवर उभे राहिले की कुठल्या नंबरात उभे आहोत ते दाखवते. मात्र त्याची रेघ म्हणजे मोजणी नव्हे. काही फुटांचा फरक पडतो आणि ३०×४० च्या प्लॉटला तेवढाच फरक पुरतो. हद्द ठरवायची ती सरकारी मोजणीने, टिपण आणि आकारबंद या मोजणी खात्याच्या मूळ नोंदींशी ताडून.

बुडाच्या आराखड्यात रहिवासी पट्टा पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. रंग पाहून झाल्यावर आखलेले रस्ते त्याच नकाशावर पाहावेत. आजची वीस फुटी पाणंद उद्या रुंद व्हायची असेल तर प्लॉटचा पुढचा भाग त्यात जातो. पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) नमुना ९ आणि ११अ मिळत असेल तर पुढे जावे. ११ब वर घरपट्टी भरली जाते, पण बहुतेक बँका त्यावर कर्ज देत नाहीत, म्हणजे पुढचा गिऱ्हाईक रोखीचाच शोधावा लागतो. स्वस्तात मिळालेला गुंठा तसाच स्वस्तात विकावा लागतो, त्याचे कारण हेच.

माती आणि पाणी हा आमच्या फाईलचा सर्वांत जाड भाग. बेळगावच्या पश्चिमेला, हिंडलगा-कंग्राळीच्या बाजूला लाल माती आणि जांभा. वडगाव, शहापूर, येळ्ळूर शिवारात काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाच्या भिंती तडकवते. तपासणी साधी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम कोरडी माती १०० मिलीच्या नळकांड्यात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकायची आणि २४ तास ठेवायची. पाण्यातल्या मातीचे आकारमान रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीहून जास्त झाले तर साध्या पायावर घर बांधू नये. अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी फुगीर केलेल्या खोल खांबांच्या पायाचा) खर्च जागेच्या किमतीत आधीच धरावा.

बळ्ळारी नाल्याकाठची शिवारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढले होते ते आजही शेजारच्या भिंती आणि शेतकरी सांगतात. आम्ही त्या पातळीची उंची लेव्हल मशीनने मोजून प्लॉटच्या उंचीशी लावतो. भराव घालायचा तर हिशोब असा: ३०×४० म्हणजे १२०० चौरस फूट, तीन फूट उचलायचे तर ३६०० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास दाबलेला मुरूम. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून साधारण ४५ ब्रास आणावा लागतो. शेजाऱ्यांनीही भराव घातला की पाणी तुमच्याकडेच वळते, त्यामुळे एकट्याच्या भरावाने प्रश्न सुटत नाही; गटार कुठे जाऊन मिळते ते पाहिल्याशिवाय हा खर्च करू नये. विहीर-बोअरची पातळी मात्र मे महिन्यातच विचारावी. जांभ्याचे पाणी पावसाळ्यात वर दिसते आणि उन्हाळ्यात निघून जाते.

रस्त्यांच्या बातम्यांवर इथे सर्वांत जास्त पैसा लागतो. हलगा-मच्छे बायपास, प्रस्तावित रिंगरोड, कित्तूरमार्गे धारवाडला जाणारी नवी रेल्वे: तिन्हींत सुपीक जमीन जाते आणि शेतकऱ्यांचा विरोध आहे. तिबार पीक देणारी काळी शिवारे हातची जाताना लोक लढणारच, आणि ते योग्यच आहे. घेणाऱ्याने बातमीवर न जाता राजपत्र पाहावे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३अ ही संपादनाच्या इराद्याची अधिसूचना. तिच्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. वर्षाच्या आत ३ड, म्हणजे संपादनाची घोषणा, निघाली नाही तर ३अ रद्द ठरते. कोर्टाची स्थगिती असेल तर तो काळ मोजत नाहीत. ३ड निघाली की जमीन केंद्र सरकारची होते, उताऱ्यावर जुने नाव दिसत असले तरी. केआयएडीबीच्या (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाच्या) संपादनात कलम २८(१) ची अधिसूचना प्राथमिक आणि २८(४) ची अंतिम. अधिसूचनेत नंबर आहे का, हिस्सा कुठला, किती गुंठे, हे तीन मुद्दे फाईलवर चढल्याशिवाय रस्त्यालगतच्या जागेला आम्ही ‘घ्या’ म्हणत नाही. संपादनाबाहेरची जागाही महामार्गापासून ठरवून दिलेल्या अंतराच्या आत बांधकामाला उपयोगी पडत नाही.

खरेदीखतात रक्कम कमी दाखवण्याचा फटका इथेच बसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भरपाईचा बाजारभाव ठरवताना आधीच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीखते विचारात घेतात. गावाने वर्षानुवर्षे कमी रकमा नोंदवल्या असतील तर भरपाईही त्याच मापाने येते.

भाड्यासाठी घेणाऱ्यांसाठी वेगळे पान असते. उद्यमबागेजवळ कामगारांची मागणी वर्षभर टिकते. मच्छेत व्हीटीयू विद्यापीठामुळे आणि नेहरूनगरात केएलई संस्थेच्या महाविद्यालयांमुळे विद्यार्थी येतात, पण सुट्टीत खोल्या रिकाम्या राहतात, म्हणून तिथे वर्ष दहा महिन्यांचे धरावे. भाडे एजंटाला विचारायचे नाही, राहणाऱ्या पंधराएक भाडेकरूंना विचारायचे आणि भाडे शेवटचे कधी वाढले तेही लिहायचे. नव्या अपार्टमेंटसमोर साध्या दिवशी रात्री आठ ते नऊच्या दरम्यान किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजले की रिकाम्या फ्लॅटचा अंदाज येतो. दिवाळीत किंवा मे महिन्यात मोजू नये.

उदाहरण म्हणून हिशोब मांडतो. फ्लॅट ५० लाखांचा, भाडे १४,०००. वरवर पाहता वर्षाला १.६८ लाख, म्हणजे ३.३६ टक्के. आता मुद्रांक ५ टक्के, शहरात त्यावरचे उपकर-अधिभार धरून ५.६; नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के. एकूण ७.६ टक्के, म्हणजे फ्लॅट पडला ५३.८० लाखांना. एक महिना रिकामा गेला तर भाडे १.५४ लाख, त्यातून देखभाल १८,००० आणि घरपट्टी ८,००० वजा जाता १.२८ लाख. परतावा २.३८ टक्के. एवढ्याने समाधान होत नसेल तर सगळी भिस्त पुढच्या भाववाढीवर राहते, आणि मग वर सांगितलेली खरेदीखतांची संख्या पुन्हा उघडून पाहावी लागते.

सीमेचा प्रश्न या कामात रोज येतो. वेंगुर्ला रोडवर शिनोळीचे कारखाने महाराष्ट्रात, पण तिथे काम करणारे पुष्कळ लोक तुरमुरी, उचगाव या बाजूला राहतात. निपाणीची भाड्याची मागणी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे पाहून समजते. फक्त कर्नाटकाची आकडेवारी घेतली तर हे दिसतच नाही. मापेही जुळवावी लागतात. आमच्याकडे उतारा एकर-गुंठे-आणे, १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. पलीकडे सातबारा हेक्टर-आर. गुंठा १०८९ चौरस फूट, आर १०७६. दोन्ही एकच धरले तर एकरामागे जवळपास अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. कर्नाटकात २०२० पासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, महाराष्ट्रात येत नाही. त्यामुळे बाहेरचे पैसे खानापूरकडे वळतात. तिथे भीमगड अभयारण्याची हद्द, वनखात्याची नोंद आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना या तिन्ही ठिकाणी गावाचे नाव शोधावे. फार्महाऊसच्या जाहिरातीत यांतले काही नसते.

लोकसंख्येचे आकडे २०११ चे आहेत आणि महापालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीआधी प्रभागांच्या हद्दी बदलल्या, म्हणून प्रभागवार तुलना आम्ही सोडून दिली. त्याऐवजी हेस्कॉम या वीज कंपनीची नवी मीटर, बांधकाम परवाने, शाळेतली पटसंख्या आणि बसच्या फेऱ्या धरतो.

फाईल मराठीत देतो, कन्नड कागदांच्या प्रती आणि रकान्यानुसार मराठी अर्थ जोडून. निर्णय गिऱ्हाइकाचा, इसार देण्याआधी मूळ कागद वकिलाला दाखवावेत अशी अट आम्ही पहिल्या पानावरच घालतो. सध्या खानापूर रोडच्या दोन्ही बाजूंच्या बोअरची मे महिन्यातली पातळी नंबरवार लिहिणे चालू आहे. ज्यांच्या विहिरी किंवा बोअर त्या पट्ट्यात आहेत त्यांनी खोली आणि पाणी किती फुटांवर लागले ते सांगितले, तर त्यांच्या नंबराची नोंद आम्ही त्यांना विनामूल्य देतो.