बर्थखाली मावेल तेवढं

आमच्या घरात कुठलं चित्र यायचं, हे देवगिरी एक्स्प्रेसचा खालचा बर्थ ठरवतो. मुंबईला गेलो की जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर मांडलेल्या चित्रांपाशी मी रेंगाळते आणि नवरा खिशातून सुतळी काढतो. तिला एक गाठ आहे. चित्र गाठीच्या आत बसलं, तर भावाचं बोलायचं. नाहीतर चला, गाडीची वेळ झाली.

आपण फार चिक्कू आहोत, असं मला वाटायचं. मग न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी वोगेल यांच्याबद्दल वाचलं. तो पोस्टात टपाल निवडायचा, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालवायचं, त्याच्या पगारात आधुनिक चित्रं घ्यायची. परवडेल, टॅक्सीतून नेता येईल आणि एका बेडरूमच्या घरात मावेल तेवढंच. असं करत ४ हजारांवर कलाकृती जमल्या. १९९२ मध्ये त्यांनी संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला द्यायचं ठरवलं आणि त्या खुराड्यातून पाच मोठे ट्रक भरून माल निघाला! लोकांना त्यांच्या दातृत्वाचं कौतुक वाटतं. मला आपलं वाटत राहतं, बाई केर कशी काढत असेल?

परभणीत आमची सतराच आहेत, त्यातली चार पलंगाखाली. दिवाणखान्यात सगळ्यात मोठं लावलंय. वर तांबडा पट्टा, खाली काळपट, जाड रंग सुरीने ओढलेला. त्यात काय आहे म्हणाल, तर तेवढंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात मामा आले. किंमत ऐकून म्हणाले, "एवढ्यात मोटार आली असती की विहिरीवर." नवरा असल्या वेळी ठेवणीतलं अस्त्र काढतो. ही काही परदेशी थेरं नाहीत मामा, चित्रकार गायतोंडे नागपूरचे, हुसेन तर पंढरपूरचे. मामा माळकरी. "पंढरपूरचा? मग इठ्ठल काढायचा की सरळ." नवऱ्याने मुकाट्याने चहा ओतला.

रात्री मामा त्याच खोलीत झोपले. सकाळी मी दूध तापवत होते, तर दारात येऊन उभे.

"लेकी, ते काळं सपाट न्हाई. जवळून बघ, भेगाळलंय. मिरगाच्या आधी रान असतं तसं."

मी गॅस बारीक केला. दोन वर्षं रोज पुसतेय मी ते चित्र.

"आन् मागून झाडू फिरवू नको," ते म्हणाले. "पालीनं अंडी घातलीत. दोन."