अल्गॉल साडेपाच तास उशिरा

आठ इंची दुर्बीण घरी आली तेव्हा धूमकेतू आणि अतिनवतारे यांखेरीज काही बघायचं नाही, असं ठरवलं होतं. लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीचा तारा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका) दिसला तरी ती रात्र चांगली म्हणायची. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक करणाऱ्यांच्या शेजारी मॅरेज गार्डन नसावं. महिनाभर धुरकट ठिपके शोधून वैतागलो आणि रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांकडे वळलो. दुर्बीण जिन्याखाली गेली, कारण पहिला तारा ययाती तारकासमूहातला अल्गॉल आणि त्याला डोळे पुरतात.

एएव्हीएसओ ही अमेरिकेतली संस्था 1911 पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवते. नाव नोंदवलं, निरीक्षक म्हणून माझा संकेत मिळाला, नकाशा छापून घेतला. नकाशात ताऱ्यांशेजारी 21, 29, 34 असे आकडे. म्हणजे 2.1, 2.9, 3.4. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो टिंबही तारा वाटायचा. हे कळेपर्यंत मी चौतिसाव्या प्रतीचा तारा शोधत होतो.

पहिल्या काही रात्री आणखी एक घोळ केला. अल्गॉलच्या अगदी जवळ ययातीतलाच रो तारा आहे, तुलनेला फार सोयीचा. मी त्याच्याशीच ताडून पाहत होतो, आणि तो स्वतःच रूपविकारी निघाला! वहीची दोन पानं फाडली.

अंदाज कसा बांधायचा ते सांगतो. ययातीतला एप्सिलॉन 2.9 आणि त्रिकोण तारकासमूहातला आल्फा 3.4. अल्गॉल पहिल्यापेक्षा फिका, दुसऱ्यापेक्षा उजळ. मधल्या अंतराचे मनात पाच भाग करायचे. तीन भाग खाली वाटला तर 3.2. टक लावून बघायचं नाही, नजर इकडून तिकडे झटपट फिरवायची. आणि ग्रहणाचं, म्हणजे अल्गॉल कधी मंदावणार त्याचं, वेळापत्रक आधी बघायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम. आकडा डोक्यात असला की डोळे तोच वाचतात.

नोव्हेंबरात एका रात्री तो मंदावताना सापडला. अल्गॉल जवळजवळ डोक्यावर येतो, मान दुखते, म्हणून गच्चीवर गादी टाकली होती. आठ वाजता 2.8, नऊला 3.2, दहाला थेट 3.4, त्रिकोणातल्या आल्फाच्या बरोबरीचा. अकराला पुन्हा 3.2. बाराला 2.8. त्याचा मंद जोडीदार त्याच्यासमोरून जातो, हे गुडरिक या तरुणाने 1783 मध्येच सुचवलं होतं. पण वहीतले आकडे उतरून परत चढलेले बघताना मला झोप येईना. तेव्हाच सगळं अर्जात भरून पाठवलं.

सकाळी वेळापत्रक काढलं. किमान तेज 16:30 ला. माझं 22:00 ला. साडेपाच तासांचा फरक! आपल्याला काहीतरी मोठं गवसलं असं वाटून मी चहा घेता घेता बाबांना सांगायला लागलो. त्यांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, "साडेपाच? अरे, आम्ही रेडिओवर बीबीसी लावायचो तेव्हा तेवढेच मिळवायचो."

अर्जात वेळ जागतिक, म्हणजे ग्रीनिचची, हवी होती, मी घड्याळातली टाकली होती. ती ज्युलियन दिवसात लिहायची, म्हणजे तारखेऐवजी सलग दिवसक्रमांकात. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच अंकात बसते. रात्री दहाच्या नोंदीत त्यापुढे, दिवसाचा उलटलेला भाग म्हणून, .188 हवं होतं, मी .417 पाठवलं होतं. आपल्या नोंदी आपल्याला दुरुस्त करता येतात. पाचही केल्या. बाबा तेवढ्यात आईला म्हणाले, "तारा वेळेवर होता, चिरंजीव उशिरा."

अल्गॉलचं चक्र 2 दिवस 20 तास 49 मिनिटांचं. दहात ते मिळवलं तर तीन दिवसांनी संध्याकाळी 6:49. या वेळी आकडा आधी माहीत होता, माझाच नियम मोडला. ईशान्येला गच्च्यांच्या वर जेमतेम आलेला तारा, खाली वरात, आणि मॅरेज गार्डनचा फिरता झोत दर अर्ध्या मिनिटाला ययातीवरून जात होता. झोत सरकला की बघायचं, आला की डोळे मिटायचे. 3.3 लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात उजळ आकाशासाठी 'बी' हे अक्षर असतं, ते टाकलं.