वजन तेवढेच, अंतर कमी: माल लावण्याच्या कामातील माझा अनुभव

मोठ्या दुकानात रॅकवर माल लावण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. एका रात्रपाळीत पॅलेटच्या, म्हणजे माल थराथरांनी रचून आणण्याच्या सपाट चौकटीच्या, तळच्या थरातील 16 किलोचे खोके उचलून रॅककडे वळताना कमरेत अशी उसण भरली की, ते खाली ठेवण्यासाठीही मला वाकता येईना. स्नायू ताणला गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले. अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तसे चालत-फिरत राहा, असेही बजावले. तीन आठवड्यांनी मी कामावर परतले.

परतल्यावर मला वजन उचलण्याचे प्रशिक्षण पुन्हा देण्यात आले: गुडघे वाकवा, खोके अंगाशी धरा, कमरेत पीळ देऊ नका. हा सल्ला चुकीचा नव्हता. परंतु पॅलेटच्या पलीकडच्या कोपऱ्यातले खोके अंगाशी धरायचे कसे? गुडघे वाकवले की ते पॅलेटच्या कडेलाच अडतात आणि हात लांबवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दोष माझ्या उचलण्यात नसून मालाच्या मांडणीत आहे, अशी माझी खात्री झाली आणि कामाचे मोजमाप व्हावे म्हणून मी लेखी अर्ज केला. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्यावर पाळीतल्या इतरांनीही सह्या केल्या, तेव्हा सुरक्षा विभागातील एक बाई मोजपट्टी घेऊन आल्या.

त्यांनी माझ्या दोन्ही घोट्यांच्या मधोमध जमिनीवर खडूने खूण केली आणि तेथून खोक्यावरच्या हातांपर्यंतचे आडवे अंतर मोजले. ते 50 सेंटीमीटर भरले. हातांची जमिनीपासूनची उंची 15 सेंटीमीटर होती. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेचे 1991 साली सुधारलेले समीकरण त्यांनी वापरले. त्यानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही वजनाची मर्यादा 23 किलो धरली जाते आणि प्रत्येक अडचणीगणिक ती खाली येते. खोके 25 सेंटीमीटरऐवजी 50 सेंटीमीटरवर गेले की मर्यादा थेट निम्मी होते. या अंतराला उंचीची जोड दिल्यावर ती माझ्या बाबतीत साडेनऊ किलोच्याही खाली आली. कमरेचा पीळ, उचलण्याची वारंवारता आणि पकड यांचा हिशेब तर अजून व्हायचाच होता. तो आकडा कागदावर पाहिल्यावर मला फार हायसे वाटले, कारण तोवर मी स्वतःच्याच शरीराला दोष देत होते.

त्यानंतर कात्रीसारखे पाय उघडून वर उचलली जाणारी पॅलेट गाडी आली. वरचा थर संपला की पुढचा थर वर घ्यायचा, त्यामुळे हात साधारण 75 सेंटीमीटरच्या उंचीवर राहतात. पॅलेटच्या सर्व बाजूंनी फिरता येईल एवढी जागा सोडल्याने आडवे अंतर 30 सेंटीमीटरवर आले. या दोन बदलांनी तीच मर्यादा सुमारे 19 किलो झाली. वळताना कंबर न पिळता पाय उचलून वळावे, हा सल्ला आता पाळता येतो, कारण पाय ठेवायला जागा आहे.

रॅकच्या मांडणीवर मात्र वाद झाला. जड माल मांडी आणि छाती यांच्या दरम्यानच्या फळ्यांवर असावा, अशी आमची मागणी होती. पण ग्राहकाच्या नजरेसमोरची जागाही तीच असल्याने विक्री विभागाने विरोध केला. अखेर धुण्याच्या पावडरीच्या मोठ्या पिशव्या तेवढ्या मधल्या फळीवर आल्या. पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे अजून तळालाच आहेत, आणि त्यांच्या मोजमापासाठी आमचा तिसरा अर्ज गेला आहे.