पाडवा ते त्रिपुरी पौर्णिमा : त्याच साडेनऊ किलोमीटरांची नोंद

फाल्गुनातील नोंदीत मी रविवारच्या सिंहगड आणि खडकवासल्याच्या फेऱ्यांचा हिशेब मांडला होता. तो लिहिताना एक गोष्ट मनाला लागली. आठवड्याचे सहा दिवस मी पुण्यातला कोथरूड ते कॅम्प हा रस्ता गाडीत बसून, पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे पाहत, चिडत काढत होते आणि सायकलीचा सगळा आनंद रविवारच्या तीन तासांसाठी राखून ठेवत होते. शहर संपेपर्यंत मान खाली घालून पेडल मारायचे आणि शहर संपले की मान वर करायची, असा तो छंद होता. गुढीपाडव्याला ठरवले की पुढचे काही महिने शहराबाहेर जायचेच नाही. कार्यालयात सायकलीने जायचे, आठवड्यातून तीन दिवस घराच्या दारातून धावायला सुरुवात करायची आणि रस्ता शक्यतो बदलायचा नाही.

आकडे आधी देते, कारण आपल्यापैकी अनेकजण नोंदीत तेच प्रथम शोधतात. घरापासून कार्यालयापर्यंतचे अंतर साडेनऊ किलोमीटर आहे. पाडव्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत अशा २२४ फेऱ्या झाल्या, म्हणजे २,१२८ किलोमीटर. याच काळात ९१ वेळा धावले आणि ते अंतर ५८४ किलोमीटर भरले. संध्याकाळी गाडीने हा रस्ता कापायला मला पन्नास मिनिटे लागत असत, सायकलीने आता छत्तीस ते अडतीस मिनिटे लागतात, आणि महत्त्वाचे म्हणजे किती वेळ लागेल हे निघतानाच ठाऊक असते.

चैत्र, वैशाख

पहिले तीन आठवडे रस्ता शोधण्यात गेले. मोटारीचा सर्वांत जवळचा रस्ता सायकलीचा सर्वांत चांगला रस्ता असेलच असे नाही, हे ऐकून माहीत होते, पण ते पायाला कळायला वेळ लागला. कर्वे रस्ता नळस्टॉपपर्यंत टाळता येत नाही. तेथे दुमजली पूल आणि त्यावरून मेट्रो झाल्यापासून खालच्या रस्त्यावर सावली असते, ही उन्हाळ्यात मला मोठी सोय वाटली. नळस्टॉपवरून मी डावीकडे विधी महाविद्यालय रस्त्याला वळते आणि लगेच प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये शिरते. येथील गल्ल्यांना क्रमांक आहेत, जुन्या बंगल्यांच्या कुंपणांवरून झाडे रस्त्यावर ओणवी झालेली आहेत आणि सकाळी सव्वाआठला तेथे वर्दळ फारच थोडी असते. डेक्कनला आले की झेड पूल, जो मुळात दुचाकींसाठीच बांधलेला आहे. पूल उतरून नारायण पेठ, अप्पा बळवंत चौकातील अद्याप न उघडलेली पुस्तकांची दुकाने, शनिवारवाडा, कसबा पेठ आणि तेथून कॅम्प.

सुरुवातीला मी रस्त्याच्या अगदी कडेने जात असे, कारण कडेला राहणे सुरक्षित असा माझा समज होता. प्रत्यक्षात कडेला काचा, वाळू, पाण्याच्या जाळ्या आणि अचानक उघडणारे मोटारींचे दरवाजे हे सगळे एकत्र असते. आता मी उभ्या गाड्यांपासून चांगले दोन हात अंतर ठेवते आणि अरुंद जागी मागे वळून पाहून, हात दाखवून, गल्लीचा मध्य घेते. मागचा माणूस अशा वेळी सहसा थांबतो. त्याला राग येतो तो आपण जागा घेतली म्हणून नव्हे, तर आपण कोठे जाणार हे त्याला कळत नाही म्हणून, असे माझे आठ महिन्यांचे निरीक्षण आहे. ज्यांना शहरात सायकल काढण्याची भीती वाटते त्यांना मी वेगाच्या आधी हेच शिकायला सांगेन : मान वळवून मागे पाहताना हँडल सरळ राहिले पाहिजे. एखाद्या रिकाम्या मैदानात आठवडाभर सराव केला की ते जमते.

याच काळात टायरच्या हवेचा धडा मिळाला. माझे टायर ३२ मिलिमीटरचे आहेत आणि मी त्यांत सवयीने ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरत असे. कर्वे रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या एका काकांनी टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, “ताई, आपल्या रस्त्यांना एवढी हवा कशाला? टायर दगडासारखा होतो, मग दणका सगळा मनगटाला.” त्या दिवसापासून ६० ठेवते. वेगात फरक पडल्याचे जाणवले नाही, पण पेठांमधले गतिरोधक आणि बुजवलेले खड्डे यांची दहशत निम्मी झाली आणि संध्याकाळी मनगटे दुखणे थांबले.

धावण्याच्या बाजूने वेताळ टेकडी ही या शहराने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी ठेव आहे असे मी मानते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी माझ्या घरापासून धावत वीस मिनिटांवर आहे. वेताळाच्या देवळापासून खाणीकडे जाणारी वाट सकाळी सहाला चालणाऱ्यांनी भरलेली असते, तरी तेथे मोराचा आवाज ऐकू येतो. चैत्रात उंदीरमारीची झाडे फुलून गेलेली होती आणि तांबट पक्ष्यांनी सकाळभर टुक टुक लावलेली होती. त्याच दिवशी संध्याकाळी कार्यालयातून परतताना मी कसब्यातल्या तांबट आळीतून सायकल घातली आणि तेथे खरोखरीचे तांबट तांब्याच्या भांड्यांवर ठोके देत बसलेले होते. पक्ष्याचे नाव मला लहानपणापासून पाठ होते, पण ज्याने ते ठेवले त्याच्या कानाने मी ते प्रथमच ऐकले. सकाळी पक्षी आणि संध्याकाळी कारागीर, मध्ये दहा-बारा तास आणि काही किलोमीटर. गाडीच्या बंद काचेतून हे दोन आवाज कधीच शेजारी आले नसते. त्या दिवसापासून परतीचा माझा रस्ता तांबट आळीतूनच जातो.

ज्येष्ठ, आषाढ

पालख्या पुण्यात आल्या की आपल्यापैकी पुष्कळजण दोन दिवस सायकल बंद ठेवतात. मीही पूर्वी तसेच करीत असे. या वर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतून सासवडकडे निघाली त्या पहाटे मी साडेचारला सायकलीने कॅम्पात गेले, सायकल कार्यालयात लावली आणि पुलगेटपासून हडपसरच्या गाडीतळापर्यंत वारकऱ्यांबरोबर गेले. धावायचे असे योजले होते, पण त्या गर्दीत धावणे शक्य नव्हते आणि शोभलेही नसते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या एका आजींच्या शेजारी मी चालत होते. घड्याळात पाहिले तर किलोमीटरला साडेदहा मिनिटे पडत होती आणि त्या चालीत तासाभरात तसूभरही फरक पडला नाही. पुढे दिवे घाट होता आणि दिवसाची एकूण चाल सुमारे ३० किलोमीटरांची होती. आजींना माझ्या बुटांचे फार कुतूहल वाटले. “माउली, हे केवढ्याला घेतलं?” त्यांनी विचारले. मी किंमत सांगितली. त्यांनी स्वतःच्या रबरी चपलेकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “असू दे. पण रात्री तळव्याला तेल चोळत जा, बुटाच्या भरवशावर राहू नको.” तेव्हापासून लाँग रनच्या रात्री मी तळव्यांना खोबरेल चोळते आणि टाचेची जुनी कुरकुर बरीच कमी झालेली आहे. तेलाचा गुण की हाताने दाबण्याचा, ते ठरवण्याची मला गरज वाटत नाही.

आषाढात एकदा पडले. पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेली होती आणि मी वळणावर असताना ब्रेक दाबला. पुढचे चाक गटाराच्या ओल्या लोखंडी झाकणावरून सरकले. कोपर सोलवटले, हँडल वाकडे झाले. पदपथावरच्या दोन मुलांनी सायकल उचलली, चहावाल्याने कोपरावर पाणी ओतले. चूक माझी होती आणि नेमकी कोणती ते लिहून ठेवते, म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. वळणाच्या आधी वेग कमी करायचा असतो, वळणात नाही. लोखंडी झाकण आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे पावसात सरळ रेषेतच ओलांडायचे, सायकल कललेली असताना कधीही नाही. पहिल्या पावसाचे पाणी रस्त्यावरची धूळ आणि तेल वर आणते, त्यामुळे मुसळधार पावसापेक्षा ती पहिली दहा मिनिटे अधिक निसरडी असतात.

पावसाळ्यातला माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र पुलाचा आहे. खडकवासल्यातून पाणी सोडले की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली जातात. माझी परतीची वाट भिडे पुलावरूनच आहे, म्हणून तितके दिवस मी झेड पुलावरून येते. त्या संध्याकाळी तेथे अर्धे पुणे कठड्याला टेकून मुठेचे पाणी पाहत उभे असते. अनोळखी माणसे एकमेकांना काल पाणी कोठपर्यंत होते ते हाताने दाखवतात, वडीलधारी मंडळी १९६१ च्या पानशेतच्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते ते सांगतात. मीही सायकलीवरून उतरते आणि दहा मिनिटे उभी राहते. रोज ज्या रस्त्यावरून आपले चाक जाते तोच रस्ता तांबड्या पाण्याच्या तळाशी आहे, हे पाहताना नदीशी ओळख वाढते. त्या दहा मिनिटांमुळे त्या दिवसाची वेळ बिघडते, म्हणून अशा दिवशी मी वेळ नोंदवतच नाही.

श्रावण, भाद्रपद

या दोन महिन्यांत देखभालच अधिक झाली. दर तीन दिवसांनी साखळी कोरड्या फडक्याने पुसणे, आठवड्यातून एकदा रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळल्यावरच तेल देणे, आणि ब्रेकच्या रबरांत रुतलेले वाळूचे कण टाचणीने काढणे. हे कण काढले नाहीत तर ते रिम खरवडतात. मडगार्ड पूर्ण लांबीचे बसवले, आणि आधीच्या वर्षी ते का बसवले नाही याची मनापासून हळहळ वाटली.

गणपतीच्या आधी आठवडा-दीड आठवडा नाही, चांगला महिना-दीड महिना नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. संध्याकाळी भिडे पुलाकडे उतरताना एकाच वेळी तीन-चार पथकांचे ठेके कानावर येतात, आणि पुलाच्या मध्यावर ते एकमेकांत मिसळतात. पाय नकळत जवळच्या पथकाचा ठेका धरतात.

आश्विन, कार्तिक

धावण्याची प्रगती येथे सांगते. धावण्याचे प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या सूत्राप्रमाणे १८० मधून वय वजा करून येणाऱ्या, हृदयाच्या मिनिटाच्या ठोक्यांच्या आत राहायचे, असे मी पाडव्याला ठरवले होते. माझे वय ४३ आहे, म्हणून मर्यादा १३७. वैशाखात त्या मर्यादेत सपाट कॅनॉल रस्त्यावर माझा पेस किलोमीटरला ८ मिनिटे ३५ सेकंद होता आणि टेकडीच्या चढावर तर चालावेच लागत होते. पावसाळ्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, शरीर तापलेले राहते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात, त्यामुळे श्रावणापर्यंत आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. मन खट्टू होण्याचे दिवस ते हेच. आश्विनात हवा कोरडी झाली आणि पंधरा दिवसांत ७:५० दिसले, कार्तिकात ७:२०. सराव पावसाळाभर जमा होत होता, फक्त हवेने तो झाकून ठेवलेला होता. टेकडीचा पहिला चढ आता मी न थांबता, बोलता बोलता चढते.

दिवाळीचे चार दिवस धावणे पूर्ण बंद ठेवले. पहाटेच्या हवेत फटाक्यांचा धूर जमिनीलगत साचलेला असतो आणि अशा हवेत खोल श्वास घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. सायकल मात्र दुपारी काढली, कारण दिवाळीच्या दुपारी पेठांचे रस्ते जितके मोकळे असतात तितके वर्षभर पुन्हा मिळत नाहीत.

आणि सुगंध. या ऋतूत माझा रस्ता मी डोळे मिटूनही सांगू शकेन. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत बुचाचे झाड आहे आणि आश्विनात सकाळी त्याखाली पांढऱ्या, लांब देठांच्या फुलांचा सडा पडलेला असतो. चाकाखाली ती येऊ नयेत म्हणून मी तेथे सायकल वळवून नेते. संध्याकाळी अंधार पडला की पुढच्याच वळणावर सप्तपर्णीचा उग्र वास सुरू होतो, जो मला आवडतो आणि माझ्या शेजारणीला अजिबात सहन होत नाही. नारायण पेठेत बेकरीतून भाजलेल्या पावाचा वास येतो, अप्पा बळवंत चौकात नव्या वह्यांचा, आणि कसब्यात उदबत्ती व तापलेल्या धातूचा. रविवारच्या लांब राइडमध्ये मी हवा खूप घेतली, पण तिच्यात इतके तपशील मला कधी सापडले नव्हते.

पुढील काळासाठी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. गुरुवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचे सहा चढ, उतरताना कठड्याला धरून सावकाश. आणि माघापर्यंत १३७ ठोक्यांत ७ मिनिटांच्या पेसला पोहोचणे. सिंहगडला एकदा जाईन, पण तेथपर्यंतचा रस्ता या वेळी मान वर करून पाहीन. तूर्त मागच्या मडगार्डचा एक स्क्रू गळून पडलेला आहे आणि ते गेला आठवडाभर तारेने बांधलेले आहे. उद्या बुधवार, जुना बाजार भरेल. कार्यालयातून अर्धा तास लवकर निघून तेथे तो स्क्रू मिळतो का ते पाहणार आहे.