बेसी हेड यांची चरित्रनोंद : जन्म ते सेरोवे, आजवर काय पक्के झाले

आफ्रिकी कादंबरीकारांच्या चरित्रनोंदी मराठीत तयार करण्याच्या आपल्या छंदात बेसी हेड यांची नोंद सर्वांत जास्त वेळ घेईल, हे पहिल्यापासून दिसत होते. त्यांच्या जन्मापासून आजच्या बोत्स्वानातील सेरोवे गावी पोहोचेपर्यंतचा भाग आता लिहून झाला असून त्यामागचे कारणही स्पष्ट झाले आहे. त्यांच्या बालपणाविषयी जे जगभर सांगितले जाते त्याचा उगम बहुतेक वेळा स्वतः बेसी यांच्याच सांगण्यात आहे, आणि त्यांनी जे सांगितले ते त्यांनाही दुसऱ्या कोणीतरी सांगितलेले होते.

जन्माचा तपशील निर्विवाद आहे. ६ जुलै १९३७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग येथे, फोर्ट नेपियर मनोरुग्णालयात त्यांचा जन्म झाला. (१८९३ साली गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवले गेले ते हेच गाव; मराठी वाचकाला ठिकाण चटकन ओळखता यावे एवढ्यासाठीच नोंदीत हा उल्लेख ठेवला आहे.) आई गोरी आणि सधन बर्च कुटुंबातली, वडील कृष्णवर्णीय. खरी अडचण यापुढे सुरू होते. आईचे तबेल्यातील कृष्णवर्णीय नोकराशी संबंध आले, त्यातून दिवस गेले, आणि केवळ त्या अपराधासाठी घरच्यांनी तिला वेडी ठरवून रुग्णालयात डांबले, अशी कथा असंख्य परिचयांतून आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून आपण वाचत आलो आहोत. बेसी यांनी स्वतः ती सांगितली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ क्वेश्चन ऑफ पॉवर’ या कादंबरीत एलिझाबेथ नावाच्या नायिकेला तिच्या शाळेची प्रमुख जवळपास हेच ऐकवते. पुढे झाले असे की चरित्र लिहिणाऱ्यांनी कादंबरीतला प्रसंग पुराव्यासारखा वापरला, आणि त्या चरित्रांच्या आधारे कादंबरी शब्दशः आत्मकथन ठरवली गेली.

गिलियन स्टेड आयलरसन यांनी लिहिलेल्या बेसी यांच्या १९९५ च्या चरित्रातून जे चित्र उभे राहते ते वेगळे आहे. बेसी यांच्या आईचा मानसिक आजार गर्भारपणाच्या कितीतरी आधीचा होता. तिचा एक मुलगा लहानपणी मोटारीखाली सापडून दगावला होता, लग्न मोडले होते, आणि बेसीच्या वेळी दिवस जाण्यापूर्वीही तिच्यावर मनोरुग्णालयात उपचार झाले होते. वडिलांचे नाव कोणत्याही कागदावर नाही, आणि तबेल्यातील नोकराच्या गोष्टीला कागदोपत्री आधार मिळत नाही. आई १९४३ मध्ये रुग्णालयातच वारली.

या दोन हकिकतींचे करायचे काय, यावर मी पुष्कळ विचार केला. शेवटी नोंदीत दोन स्वतंत्र परिच्छेद ठेवले आहेत: एकात कागदपत्रांवरून जे सिद्ध होते ते, आणि दुसऱ्यात बेसी यांनी स्वतःच्या जन्माविषयी जे सांगितले ते, कोठे व केव्हा सांगितले यासह. दुसरा परिच्छेद गाळून टाकावा, असे काही मित्रांचे मत पडेल. मला ते मान्य नाही. किशोरवयात कानी पडलेली ही गोष्ट बेसी यांनी आयुष्यभर खरी मानली, तिच्या आधाराने स्वतःला ओळखले आणि तिच्यातून लिहिले, म्हणून ती गोष्ट हाही त्यांच्या चरित्राचाच भाग आहे. मात्र पहिल्या परिच्छेदाच्या जागी तिला बसवले की आईचे खरे दुःख नाहीसे होते. पोटचे मूल गमावलेली, वर्षानुवर्षे आजारी असलेली एक बाई पुसली जाऊन तिच्या जागी कुटुंबाने बळी दिलेली प्रेमिका उभी राहते, आणि हा त्या बाईवर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

याच भागात आणखी एक दुरुस्ती आवश्यक होती. ‘अपार्थाइडच्या कायद्यामुळे त्यांचा जन्मच गुन्हा ठरला’ असे वाक्य वारंवार आढळते; परंतु अपार्थाइडचे, म्हणजे सरकारी वंशविभक्तीचे, धोरण राबवणारा नॅशनल पक्ष सत्तेवर आला तो १९४८ मध्ये, म्हणजे बेसी अकरा वर्षांच्या होत असताना. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातील विवाहबाह्य संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा १९२७ चा आहे. जन्माच्या संदर्भात तोच सांगितला पाहिजे, अन्यथा वंशभेदाचे कायदे १९४८ नंतरच आले असा वाचकाचा समज होतो.

आई आणि मुलगी या दोघींचेही नाव बेसी अमेलिया एमरी असेच होते (बर्च हे आईचे माहेर, एमरी हे सासरचे आडनाव). त्यामुळे जुना कागद किंवा त्याचा उल्लेख हाती आला की आधी वर्ष पाहावे आणि मगच तो कोणाचा ते ठरवावे. ‘हेड’ हे आडनाव १९६१ मध्ये हॅरल्ड हेड यांच्याशी झालेल्या विवाहानंतरचे आहे.

पालक आई नेली हीथकोट, डरबनमधील सेंट मोनिका वसतिगृह, शिक्षिकेची नोकरी, तेथील भारतीय वस्तीच्या सहवासात हिंदू धर्माविषयी वाटलेली ओढ, केपटाउन व जोहान्सबर्ग येथील पत्रकारिता, हा मधला भाग तुलनेने सरळ असल्याने थोडक्यात आटोपला आहे. १९६४ मध्ये परत न येण्याच्या अटीवरील परवाना घेऊन त्या लहान मुलासह निघाल्या, तेव्हा ‘बोत्स्वाना’ नावाचा देश अस्तित्वात नव्हता. त्या गेल्या ब्रिटिशांच्या बेचुआनालँड या संरक्षित प्रदेशात. देश स्वतंत्र झाला ३० सप्टेंबर १९६६ रोजी, आणि बेसी यांना नागरिकत्व मिळाले ते थेट १९७९ मध्ये. पंधरा वर्षांचा हा निर्वासितपणा ‘१९६४ पासून बोत्स्वानाच्या लेखिका’ अशा वाक्यात दडपून जातो, म्हणून तिन्ही वर्षे स्वतंत्रपणे नोंदवली आहेत.

ग्रंथसूचीत दोन ठिकाणी जपून राहावे. ‘व्हेन रेन क्लाउड्स गॅदर’ ही कादंबरी अमेरिकेत १९६८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये निघाली, म्हणून दोन्ही वर्षे बरोबर असली तरी पहिले प्रकाशन १९६८ चे धरावे. ‘द कार्डिनल्स’ ही कादंबरी छापली गेली १९९३ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर. पण ती लिहिली होती देश सोडण्यापूर्वी, त्यामुळे लेखनक्रमात तिचे स्थान सर्वांत आधी येते. मृत्यू १७ एप्रिल १९८६ रोजी सेरोवे येथे, यकृताच्या दाहाने झाला. त्या वेळी वय ४८ होते. नुसत्या वर्षांची वजाबाकी केल्यास ४९ येते, ते लिहू नये.

पुढील टप्प्यात बोत्स्वानातीलच फ्रान्सिसटाउनमधील निर्वासितपणाची वर्षे आणि १९७१ मधील लोबात्से येथील मनोरुग्णालयातील वास्तव्य हाती घेणार आहे. तेथे ‘अ क्वेश्चन ऑफ पॉवर’मधील एकही प्रसंग तथ्य म्हणून घ्यायचा नाही, असे ठरवले आहे. बेसी अखंड पत्रे लिहीत, आणि त्यांचे मित्र रँडॉल्फ व्हिन यांना पाठवलेली त्यांची पत्रे १९९१ मध्ये पुस्तकरूपाने आली आहेत. त्यांवरील तारखांवरून आधी कालक्रम लावीन, आणि तो पूर्ण झाल्यावरच कादंबरी त्याच्या शेजारी ठेवून वाचीन.