सोल्हेइमायोकुल: तीन तासांच्या सहलीत बर्फावर किती वेळ?

आइसलंडची राजधानी रेक्याविकहून सोल्हेइमायोकुल या हिमनदीवर बसने नेऊन-आणणारी सहल घेऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात ठेवा. जाहिरातीत 'तीन तासांची ग्लेशियर हाइक' असं लिहिलेलं असतं आणि निळ्या बर्फात उभ्या असलेल्या माणसांचे फोटो असतात. कुणीही वाचून हेच समजेल की तीन तास बर्फावर चालायचं आहे. मला आणि ताईला क्रॅम्पॉन (बर्फावर चालण्यासाठी बुटांखाली बांधायचे धातूचे दात) बांधल्यापासून सोडेपर्यंत जेमतेम सव्वा तास मिळाला. त्यातलाही बराचसा मागे राहिलेल्यांची वाट बघण्यात गेला, कारण एका गाइडमागे आम्ही चौदा-पंधरा जण होतो.

बाकीचा वेळ कुठे जातो ते सांगते. पिकअप आठचा असला तरी गाडी आठ ते साडेआठमध्ये कधीही येते. मोठ्या बसना जुन्या शहराच्या गल्ल्यांत बंदी आहे, त्यामुळे हॉटेलच्या दारात कुणी येत नाही, नंबर दिलेल्या थांब्यावर चालत जावं लागतं. तिथून सोल्हेइमायोकुल सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या गाडीने दोन तास. बस मात्र सेल्यालांड्सफॉसला थांबते, स्कोगाफॉसला थांबते, जेवायला थांबते. दोन्ही धबधबे हमरस्त्यालगत आहेत आणि तिकीट नाही, गाडी लावायचे पैसे तेवढे. ते दाखवण्यासाठी सहल कंपनीची गरज नाही. वाहनतळावर पोचल्यावर हेल्मेट, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) वाटण्यात अर्धा तास जातो. मग बर्फापर्यंतची चाल, आणि तेवढीच परतीची. वाहनतळापासूनचं हे सगळं त्या 'तीन तासां'त मोजलेलं असतं.

या चालीबद्दल कुणीच नीट लिहीत नाही. जुने वृत्तांत वाचून आम्ही दहा-पंधरा मिनिटं धरली होती, पण तेव्हा बर्फ जवळ होता. या हिमनदीच्या तोंडाची मोजणी 1930 पासून होते आहे. 1969 ते 1995 च्या सुमारास ती पुढे सरकत होती, त्यानंतर झपाट्याने मागे हटली. 2010 पासून जवळच्या क्वोल्सवोत्लुर गावातली शाळकरी मुलं दरवर्षी येऊन अंतर मोजतात. जिथे बर्फ होता तिथे आज तळं आहे, आणि वाट त्याच्या कडेने वळसा घालून जाते. दर हंगामात ती बदलते. मागच्या मोसमाआधी लिहिलेल्या कुठल्याही वृत्तांतातल्या वेळेवर विसंबू नका, माझ्या या वेळांवरही दोन वर्षांनी नको.

वाटेचा शेवटचा टप्पा म्हणजे निव्वळ घसारा. सह्याद्रीतल्यासारखा घसारा नव्हे, कारण तिथे मुरुमाखाली निदान डोंगर असतो. इथे हिमनदीने आणून टाकलेल्या काळ्या खडी-वाळूखाली जुना बर्फ दडलेला आहे आणि तो वितळतो आहे. भरवशाचा वाटणारा दगड पायाखालून सरकतो. क्रॅम्पॉन अजून घातलेले नसतात, समोरून वारा असतो आणि हातातल्या ॲक्सचा तिथे काही उपयोग नसतो. जाताना उत्साहात निघून जातं. परतताना पोटऱ्या भरून आल्यावर याच टप्प्यावर माणसं पडतात. आमच्यातले दोघं पडले, एकाचा गुडघा फुटला. गाइड तोवर बराच पुढे गेला होता. बर्फावर सावध आणि घसाऱ्यावर बेफिकीर हा प्रकार मला मुळीच पटला नाही. तिथे दोघांमध्ये अंतर ठेवा आणि पुढच्याने पाडलेल्या दगडाच्या रेषेत उभे राहू नका.

सव्वा तासावर माझं समाधान होणार नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही गाडी भाड्याने घेतली आणि थेट वाहनतळावर भेटणारी पाच तासांची सहल केली. बससकटच्या सहलीला जवळजवळ दुप्पट पैसे गेले होते. इथे निम्म्यात बर्फावर तीन तासांहून जास्त मिळाले आणि तुकडीत आठच माणसं. घ्यायची तर हीच घ्या. छोटी सहल फिरते तो भाग राखेने काळाकरडा आहे, उन्हाळ्यात तर डांबरी रस्त्याच्या रंगाचा. वर गेल्यावर मात्र काय दिसतं! फटींच्या आत खोल जाणारा निळा रंग, राखेखाली न वितळता राहिलेले पुरुषभर उंचीचे काळे शंकू, आणि पाणी गरागरा फिरत खाली कोसळतं ती विवरं. गाइडने बर्फात स्क्रू बसवून दोर लावला आणि हार्नेसवर वाकून आम्हाला एकेकाला विवरात बघू दिलं. ताई साठीची आहे, तिने दोनदा बघितलं. त्या दिवशी परतीचा घसाराही मला जाणवला नाही. त्यामुळे तो सोपा आहे असं माझ्याकडून ऐकलंत तर विश्वास ठेवू नका.

फिटनेस म्हणाल तर सिंहगड न थांबता चढणाऱ्याला पाच तासांची सहल जड नाही. पण आपली उतरण्याची सवय इथे मोडावी लागते. आपण उतारावर पाऊल आडवं टाकतो, बुटाच्या कडेवर भार देतो. क्रॅम्पॉनमध्ये कडेवर गेलात की घसरलात. सगळे दात एकदम रुतले पाहिजेत: पाऊल सपाट, गुडघे वाकलेले, बोटं उताराच्या दिशेने, आणि आपटून चालायचं. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात. ढगळ पँट मोज्यात खोचा.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि कडक तळव्याचे हवेत. मऊ बुटांवर क्रॅम्पॉन बसत नाही, मग तिथे बूट भाड्याने घ्यावे लागतात. बूट वेगळे, जाकीट वेगळं, पँट वेगळी, असे पैसे वाढत जातात, आणि हे बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असतं. सगळं घरून न्या. हातमोजे जुलैतही लागतात, थंडीसाठी कमी आणि हातांसाठी जास्त: बर्फाचा पृष्ठभाग किसणीसारखा आहे, तळहात टेकून पडलात तर सोलून निघतो. बर्फावर शौचालय नाही, वाहनतळावरच आटपून घ्या.

ही हिमनदी म्यूर्दाल्सयोकुल या मोठ्या हिमटोपीतून उतरते आणि त्याच्याखाली काट्ला ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा. जुलै 1999 मध्ये याच हिमनदीखालून अचानक पूर आला होता. नदीला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो खालून येणाऱ्या वायूचा. फोन बंद करू नका, धोक्याची सूचना मेसेजने येते. वास नेहमीपेक्षा उग्र वाटला तर गाइडला लगेच सांगा.

याच सहलीला जोडून कुणी उन्हाळ्यात बर्फगुहा विकत असेल तर नकार द्या. ऑगस्ट 2024 मध्ये ब्रेइदामेर्कुरयोकुल या दुसऱ्या हिमनदीवर पर्यटकांच्या तुकडीवर बर्फ कोसळून एक अमेरिकन पर्यटक गेला. उन्हात वितळणाऱ्या छताखाली उभं राहावं इतकं काहीही सुंदर नसतं.

स्काफ्ताफेलला आणखी चांगला बर्फ आहे, पण रेक्याविकहून ते सव्वातीनशे किलोमीटर. एका दिवसात जाऊन येण्याचा वेडेपणा करू नका, तिथेच मुक्काम करा.

आइसलंडचे बाकीचे दिवस मजेत गेले. ते सगळ्यांनाच जमतं, त्यावर लिहीत नाही.

बुकिंगआधी कंपनीला दोनच प्रश्न लेखी विचारा: क्रॅम्पॉन पायात असताना किती मिनिटं, आणि एका गाइडमागे किती माणसं. पहिल्याचं उत्तर नव्वदच्या खाली किंवा दुसऱ्याचं बाराच्या वर आलं तर दुसरी कंपनी बघा. वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री आइसलंडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बघा, तो मीटर प्रति सेकंदात असतो. पंधराच्या वर असेल तर तारीख बदलून मागा. आणि वाहनतळावर गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवून दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने मोडलेलं दार भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा बसत नाही.